दाखल्यावरची आई

आमची थोरली जाऊ तोंडाने फटकळ. पण सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यात तिचा हात धरणारं आमच्या लोकांत कुणी नाही. आम्ही फिरस्ते. पोरं वाटेतच जन्मतात, त्यांची नोंद कोण कुठे करणार? आणि आमच्यात मूल एका आईचं नसतंच. एका चुलीवरच्या सगळ्या बाया त्याच्या आया. लेक जन्मली माझ्या पोटी, पण तापात उशाशी बसली ती थोरली, हाताला धरून शाळेत घातलं तेही थोरलीनेच. लेक तिलाच आई म्हणते, मला धाकटी.

लेकीला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली. जन्मदाखला दिला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. म्हणून आम्ही तिघी जावा लेकीला घेऊन कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, मुलीची आई कोण? तिघीही एकदमच म्हणालो, "मी."

झालं! आमचा पेहराव, आमची बोली बघून तो आधीच नाक मुरडत होता. पोरगी पळवून आणली का, असं तोंडावर विचारलं मेल्याने आणि अर्ज परत ढकलला. वर म्हणे, बाळंतपणाला हजर असलेला साक्षीदार आणा, तोही ओळखपत्रवाला. आमच्यात ओळखपत्र आहे कुणाकडे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक जिन्यात बसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली तडक खाटकाच्या बायकोकडे गेली. त्यांच्याच दुकानामागे मी बाळंत झाले होते, नाळही त्या बाईनेच कापली होती. कुणाकडे काही मागणं थोरलीच्या स्वभावात नाही. तरी मागितलं. ती भली बाई दुकान नवऱ्यावर टाकून तशीच निघाली.

तिची साक्ष झाल्यावर कारकुनाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. थोरली शेजारी उभी असताना माझं तोंडच उघडेना. शेवटी तिनेच माझा दंड धरून मला पुढे केलं.

"ही आई. मी नाही," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, पण तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

दाखला हातात आला. लेकीने त्यावरचं माझं नाव वाचलं, मला घट्ट मिठी मारली. मग थोरलीकडे वळली.

"आई, चल. प्रवेश घ्यायला तूच यायचंस."

कारकुनाने चमकून वर पाहिलं. बघेना का. शिक्का पडला होता.