प्रतिष्ठित पंच

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कुरुंदवाडच्या शाळेतून वकिली शिकायला कोल्हापुरात आलो तेव्हा भाड्याची खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली आदल्याच दिवशी गेलेली असायची. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या अपार्टमेंटमधली खोली दिली. आम्ही बौद्ध आहोत हे ठाऊक असून दिली. त्यांचे उपकार मी आजही मानतो. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो, पण लिहिणार आहे.

वकिली सुरू केली तरी मी त्याच खोलीत राहत होतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटारीची केबल कोणीतरी कापून नेलेली दिसली. नळ कोरडे. तेवढ्यात भंगार वेचणारी बाई नेहमीसारखी गेटातून आत आली. पन्नाशीची, भटक्या जमातीतली, पाठीवर पोतं. तिला पार्किंगमध्ये बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन गेला. त्याच गेटातून दूधवाला येऊन गेला होता, पेपरवाला येऊन गेला होता. त्यांना बसवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तिला बसवायचंही कोणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं.

हवालदार आले. त्यांनी पोतं उपडं केलं. बाटल्या, पुठ्ठे, एक फुटकी बादली. केबल नाही.

"रातीच विकून आली असंल," एक रहिवासी म्हणाले.

"विकल्यावर परत कशाला येऊ? तुमच्यात पाणी भरायला?" बाई म्हणाली. दोघं-तिघं हसले.

हवालदारांनी पंचनामा लिहायला घेतला. झडतीला स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच हवेत, असं कायदा सांगतो. प्रतिष्ठित कोण, हे मात्र समोरच्याचे डोळे ठरवतात. शिक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे वकील. यांना घ्या, आणि मला."

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. माझ्या वडिलांना उभ्या जन्मात कोणी पंच म्हणून बोलावलं नव्हतं. मग मी कागद वाचला. 'सदर महिला आवारात संशयास्पदरीत्या फिरताना पंचांना मिळून आली.'

"साहेब, संशयास्पद काय होतं?" मी विचारलं. "ती गेटातून चालत आली. मी गॅलरीतून बघितलंय. तेवढंच लिहा."

"वकीलसाहेब, भाषा अशीच असत्या की. सगळीकडं आमी ह्येच लिवतो. करा सही."

त्यांचा तिच्यावर राग नव्हता. ती येण्याआधीच ते वाक्य तयार होतं, एवढंच.

शिक्षक मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्हाला कोण तसं म्हणतंय? तुम्ही शिकलात. तुम्ही वेगळे."

हे ते मायेनेच म्हणाले. आमच्या शाळेत कोणाची कंपासपेटी हरवली की आमच्या गल्लीतल्या पोरांची दप्तरं आधी उघडली जायची. उघडणारे गुरुजी दुष्ट नव्हते. सुट्टीत घरी बोलावून मला इंग्रजी शिकवणारेही तेच. पेटी बाकाखाली सापडायची, आम्ही दप्तरं भरायचो आणि गप्प बसायचो.

"सर, मी वेगळा नाही," मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "तुमचे उपकार आहेत. पण सही देणार नाही. आणि तुम्ही दिलीत, तर कोर्टात विचारतील, काय संशयास्पद पाहिलंत? काय सांगाल?"

"एवढं केलं तुमच्यासाठी आणि..." ते तिथेच थांबले. पेन खिशात ठेवलं. माझं त्यांना पटलं नव्हतं, कोर्टाची पायरी नको होती. दुसरंही कोणी पुढे येईना. हवालदारांनी चरफडत ते वाक्य खोडलं, पोत्यात काही मिळून आलं नाही असं लिहिलं. त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

"जावा बाई," हवालदार म्हणाले.

हा काही मोठा विजय नव्हे. उद्या दुसऱ्या आवारात तेच वाक्य लिहिलं जाईल, त्याला सह्या मिळतील. जामिनाच्या वेळी ते वाचलं जाईल आणि मनात काही वाईट नसलेला न्यायाधीशही मान डोलावेल. होऊ दे. माझ्यासमोर येईल तिथे मी ते अडवणार. कोणाचं कितीही देणं लागत असलो तरी.

बाई पोतं भरत होती. मी बाटल्या उचलायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई उशीर केलासा. आता गल्लीतलं समदं दुसऱ्यानं न्हेलं असंल."

तिने आभार मानले नाहीत. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण जी चोरी केलीच नाही, तिच्यातून सुटल्याबद्दल तिने आभार मानायचे तरी कोणाचे?

"सरका की जरा, पावणं," असं रहिवाशांना म्हणत, त्यांच्या मधोमध वाट काढत ती गेटाबाहेर गेली.