अंदाजाने उचललेला हात

रविवारी सकाळी मी डोळ्यांवर हेडसेट चढवते आणि कॅनडातल्या ताईबरोबर कॉम्प्युटरने रचलेल्या बागेत चेंडू खेळते. तिने तिकडे हात हलवला, की बागेतली तिची आकृतीही हलवते. परवा मी चेंडू जरा उंच टाकला. ताईचा हात झपकन डोक्यावर गेला आणि लगेच झटका बसल्यासारखा खांद्याशी आला. चेंडू मागे जाऊन पडला.

शेजारी बसलेल्या लेकीला मी हे काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, "आई, मावशीची हालचाल इथवर पोचायला क्षणभर उशीर होतो. तोवर तिचा हात कुठे जाईल याचा अंदाज बांधून प्रोग्राम तो दाखवतो. खरी हालचाल आली की चूक दुरुस्त करतो."

म्हणजे ताईचा हात वर गेलाच नव्हता.

"ताई, खांदा अजून दुखतो का गं?"

ती म्हणाली, "ऑपरेशननंतर हात एवढाच वर जातो. तुम्ही सगळे 'बरी झालीस ना?' असंच विचारता, मग मी हो म्हणते."

प्रोग्रामने आपली चूक निदान लगेच सुधारली होती. आम्ही मात्र कितीतरी महिने तिला बरी धरूनच बोलत होतो. मी खेळ थांबवला आणि "नक्की काय होतं ते सांग" म्हटलं. मग ताई त्या दुखण्याबद्दल पहिल्यांदाच सगळं बोलली.