डाव्या हातातली लाल बांगडी

या गं पोरींनो, अशा जवळ बसा. मागून गाडी जराशी टेकली, म्हणून कुणाला न कळवता निघून आलात ना? चुकलंच तुमचं. लहान धडकेचीही नोंद करावी. बोईसरच्या नाक्यावरची ती रिक्षा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा फौजदार होते. दांडी गावच्या एका रिक्षावाल्याने फिर्याद दिली: बायकोला घेऊन जाताना टेम्पोने मागून ठोकलं, तिच्या दोन बरगड्या आणि डावं मनगट मोडलं. सालवडला राहणारा टेम्पोवाला कोठडीत रडत होता. "मॅडम, गाडी तो बस छू गयी थी. मेरे बच्चों का क्या होगा?"

असं सगळेच म्हणतात. पण पंचनामा मी स्वतः केला. रिक्षाचा पत्रा बोटभर दबलेला, मागच्या दिव्याची काच शाबूत. टेम्पोच्या बंपरवरचा वाळका चिखलही एकाच जागी पुसलेला. एवढ्याने बरगड्या मोडतात?

फोटो काढवून दवाखान्यात गेले. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली, प्लास्टर व्हायचं होतं. उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या. सुजलेल्या डाव्या हातात एकच, लाल, मोठ्या मापाची. मग डावीकडच्या हिरव्या फुटल्या कुठे? परत येऊन रिक्षाची गादी उपसली. काचेचा कण नाही.

सासूला बोलावलं, चहा दिला. म्हाताऱ्या माणसाला दरडावलं तर ते बोलत नाही.

"लाल बांगडी तुमचीच ना, आजी?"

"माजीच हाय, बाय. सवाशीण भुंड्या हातानं उंबऱ्याभायेर काडू कशी? माज्या पोराच्या जिवाला..." आणि ती थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं होतं: हिरव्या बांगड्या घरातच फुटल्या होत्या.

मग नवऱ्याचं खोटं टिकलं नाही. त्यानेच तिला घरात वल्ह्याने मारलं होतं. दवाखान्यात नेताना वाटेत टेम्पो टेकला, त्याला सबब मिळाली.

बायको मला म्हणाली, "तुमी टेम्पोच लिवा, बाय. नवरा सुटून आला तं मला कोन वाचवील?"

मी खरं तेच लिहिलं. टेम्पोवाला सुटला. तिला दातिवऱ्याला आईकडे पोचवलं. जामिनावर सुटलेला नवरा तिथे गेला, समजूत घालून तिला घेऊन आला. पुन्हा तिला दवाखान्यात आणलं तेव्हा कुठलीच गाडी धडकली नव्हती, आणि जबाब द्यायला तीही उरली नव्हती.

गुन्हा उघडकीला आला म्हणजे माणूस वाचलं असं नाही, हे मी तिथे शिकले. कुणा बाईची जखम सांगितलेल्या अपघाताशी जुळत नसेल, तर तिला एकटीला घरी धाडू नका. माझ्याकडे घेऊन या. आणि तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्हीही या गं, लवकर.