ओरिजिनल दीदी

मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्यांनी तीस वर्षांत एकही सही केली नव्हती. रायपूरच्या आमच्या विद्यापीठात त्या कागदपत्रे तपासत. प्रत पुढे केली की चष्म्यावरून पाहत म्हणत, "ओरिजिनल लाओ." म्हणून शिपायांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या त्या ओरिजिनल दीदी. चौबे कॉलनीत मी त्यांच्या शेजारी राही, तरी माझीही सुटका नव्हती; आपल्या वऱ्हाडीत त्या म्हणत, "तुले ओळखतो मी, पोट्टी. कागदाले नाही ओळखत."

सुदानच्या युद्धातून निसटलेल्या डॉ. सलमा आल्या, तेव्हा त्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. अभ्यागत अध्यापकाची जागा मिळाली होती. पण तपासलेली फाइल त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत वर गेली नाही, तर जागा जाणार होती आणि तिच्यामागोमाग व्हिसाही. प्रमाणपत्रे घरासोबत जळाली होती. त्यांच्या ओढणीला अजून धुराचा वास आहे, असे मला उगीच वाटे.

दीदींनी फाइल मिटली. "ओरिजिनल नाही, तं सही नाही." सव्वातीन वाजले होते. सलमांची बोटे टेबलाच्या कडेत रुतली.

"शिकवते काय ही?" दीदींनी मला विचारले.

"बाभळीच्या डिंकावर संशोधन आहे यांचं."

त्या उठल्या, स्कूटीवरून घरी गेल्या आणि चारनंतर लाडवांच्या डिंकाचा डबा घेऊन परतल्या. "दुकानदार म्हणते, शुद्ध धावड्याचा आहे. पाहाय म्हणा इले."

सलमांनी एकेक खडा खिडकीच्या उजेडात धरला, हुंगला, जिभेवर ठेवला. दोन वाट्यांत पाणी मागितले आणि खडे निवडून त्यांत वेगवेगळे टाकले. आम्ही तिघी त्या वाट्यांकडे पाहत बसलो. पंखा करकरत होता. एका वाटीतले खडे विरघळून पाणी मधासारखे झाले, दुसरीतले नुसते फुगले. "दोन झाडांचा डिंक आहे," सलमा म्हणाल्या, आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत असतानाही त्या शांतपणे समजावत राहिल्या, की कोरड्या दिवसांत झाड जखमेपाशीच डिंक सोडते.

"शिकवणारी बाई आहे," दीदी पुटपुटल्या. "फसवलं तं त्या दुकानदारानं."

मग त्यांनी फाइलवर लिहिले : मूळ प्रमाणपत्रे युद्धात जळाली. ज्ञान समक्ष तपासले. जबाबदारी माझी. सही करून त्यांनी फाइल वर पाठवली, तेव्हा पाचला पाच मिनिटे होती.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या टेबलावर हाराशेजारी त्या सहीबद्दलच्या चौकशीची नोटीस होती. दोन्ही त्यांनी एकाच पिशवीत घातले.

वर्षभराने सलमांच्या सुदानमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने पदवीच्या नोंदीची प्रत मिळवून पाठवली, आणि चौकशी मिटली. दीदी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. अंगठ्याने कागद चाचपून म्हणाल्या, "हे तं झेरॉक्स आहे." आणि खोकला येईस्तोवर हसल्या. त्या थंडीतच त्या गेल्या.

आता तपासणी समितीवर मी आहे. प्रत समोर आली की ओरिजिनल मागते. नसेल, तर फाइल उघडीच ठेवते, पाणी मागवते आणि विचारते, "तुम्ही काय शिकवता?"