बंद काचेतले बल्ब

लोहारा गावाच्या बाजूला आम्ही घर बांधलं, तेव्हा जेवणाच्या खोलीचं छत माझ्या नवऱ्याने हौसेने करून घेतलं. छतात चार गोल खड्डे, प्रत्येकात एक एलईडी बल्ब आणि खालून दुधी काचेचं घट्ट झाकण. बल्ब दिसू नये, नुसता उजेड उतरावा, अशी त्याची कल्पना होती. पाहुणे माना वर करून बघायचे आणि त्याला बरं वाटायचं.

बल्बच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत वर्षानुवर्षांची हमी छापलेली होती. पहिला बल्ब तीन महिन्यांत मिचमिचायला लागला आणि गेला. मग दुसरा गेला. बल्ब बदलायचा तर नवरा माळ्यावरून होल्डर वर ओढून घ्यायचा, काच कधी काढलीच नव्हती. दोन वर्षं मी दारव्हा रोडवरच्या एका दुकानातून बल्ब आणत राहिले. दुकानदार कधी बदलून द्यायचा, कधी नवीन घ्यायला लावायचा. शेवटी एक दिवस घरात जमलेले सगळे मेलेले बल्ब मी पिशवीत भरले आणि त्याच्या काउंटरवर ओतले. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला डुप्लिकेट माल विकणारा चोर म्हटलं. तंबाखू-सुपारीच्या खरऱ्याची पन्नी तळहातावर घोळवत त्याने मला पुन्हा दोन बल्ब दिले.

ते दोन्ही पावसाळ्यातच गेले. तेव्हा शेजारणीने एका वायरिंग करणाऱ्या बाईला पाठवलं. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची, पस्तिशीची, आयटीआय झालेली. आधी काही वर्षं ती बल्ब जोडण्याच्या कारखान्यात होती. तिने मेन स्विच बंद केला, शिडी लावली आणि काच फिरवून काढली. काच जरा कलली आणि आतलं सगळं खाली जेवणाच्या टेबलावर पडलं.

होल्डरभोवतीच्या फटीतून शिरलेले किडे होते. मूठमूठभर किडे, सुकून कुरकुरीत झालेले. पंख, पाय, काळा चिकट चुरा. त्यात एक पाल, वाळून चपटी झालेली, शेपटी बल्बच्या उष्णतेने काळी पडलेली. ती लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर पडली. खवट चरबीसारखा वास सुटला. मी मोरीत जाऊन ओकले. दोन वर्षं आम्ही त्याच्याखाली बसून जेवत होतो, आणि पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत होतो.

मी तोंड धुऊन येईपर्यंत तिने एक मेलेला बल्ब उघडला होता. आतल्या चकतीवरचे उजेड देणारे ठिपके धडधाकट दिसत होते. खालच्या मानेत मात्र एक छोटी नळकांडी, कपॅसिटर, फुगून फुटली होती. उष्णता वर कोंडते, बाहेर पडायला पुरेशी वाट नसते, मग आधी ही नळकांडी जाते, असं तिने समजावलं.

“बल्ब चांगलेच होते, काकू,” ती म्हणाली. “तुम्ही त्याईले कोंडून मारून राह्यल्या.”

मग तिने बोर्डातली एक ढिली तार आवळली. तार ढिली असली की विजेचा दाब खालीवर होतो आणि बल्ब लवकर मरतो, म्हणाली. काचा परत लावू नका, कमी वॅटचे बल्ब घ्या, बंद करून गार झाले की कोरड्या फडक्याने पुसत जा, एवढं सांगितलं. घरात पडलेल्या बल्बच्या खोक्यावरची एक बारीक ओळ तिने बोटाने दाखवली. बंद झाकणात वापरू नये, असं तिथे छापलेलं होतं. नोकरीत मी आयुष्यभर लोकांच्या अर्जांतल्या बारीक ओळी वाचल्या, आणि घरातलं खोकं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. चारचौघांत शिवी दिली होती, म्हणून माफीही चारचौघांत मागायची असं ठरवलं होतं. गिऱ्हाइकं जमेपर्यंत बाजूला उभी राहिले आणि मग बोलले. चूक माझीच होती, माल चांगला होता, म्हटलं.

तो हसला. दात खरऱ्याने लाल-काळे झालेले. “मले ठाऊक होतं ताई. तुमच्या घरी बंद काचा हायेत, हे तुम्हीच पयल्या दिवशी सांगतलं होतं.”

मी विचारलं, मग तेव्हाच काहून सांगितलं नाही?

“सांगतलं असतं, तर तुम्ही परत कायले आल्या असत्या?”

गिऱ्हाइकंही हसली. त्याने बाजूच्या डब्यात पिंक टाकली आणि पुढच्या माणसाकडे वळला. लाज त्याला शिवली नव्हती. मला मात्र मी मागितलेल्या माफीचीच किळस आली.

घरी आले तर नवरा काचा घासून परत लावायला निघाला होता. उघडे बल्ब बरे दिसत नाहीत, म्हणाला. मी त्या चारही काचा भंगारवाल्याला देऊन टाकल्या, नवऱ्याला न विचारता. आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही.

याला आता दोन वर्षं होत आली. चारही बल्ब उघडेच आहेत आणि एकही बदलावा लागलेला नाही. टेबल मी सोड्याने, लिंबाने, गरम पाण्याने किती वेळा धुतलं ते सांगता येणार नाही. तरी मी तिथे बसत नाही. ओट्यापाशी उभी राहून जेवते. नवरा म्हणतो, अतीच करतेस. असेल.