मॉरीनच्या वाफ्यातली मुंडकी

हा किस्सा मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेला नाही. पण तुम्ही चहा इतका झकास केलाय, की सांगूनच टाकते. माझी फजिती आहे, मनसोक्त हसा!

आमचं ऑफिस इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. वर्षातून दोन दिवस व्हॉलंटियरिंगसाठी रजा मिळते. मी तिथल्याच डेव्हनच्या किनाऱ्यावरचं एक छोटं बंदर निवडलं. मासळी टिकावी म्हणून तिथल्या मच्छीमारांनी आठवड्यातून तीन दिवस बोटी बांधून ठेवायचं ठरवलं होतं. त्या दिवसांची तूट परसबागेतून भरून काढायची. आम्ही जाऊन वाफे करून द्यायचे.

माझ्या वाट्याला सत्तरीची मॉरीन आली. म्हणाली, "भाजी आली नाही ना, लव्ह, तर माझा नवरा केन परत सातही दिवस बोट काढेल. त्याचा या प्लॅनवर विश्वासच नाहीये."

आता गप्प वाफे करावेत की नाही? पण मी पडले वेंगुर्ल्याची सून! "डोन्ट वरी, मॉरीन! आमच्याकडे माडाच्या मुळाशी माशांची मुंडकी पुरतात. नारळ बघशील तर एवढाले!"

मी स्वतः नागपूरची. कुंडीतली तुळससुद्धा माझ्या हाताने कधी जगलेली नाही. पण हे तिला कोण सांगणार?

केनने बादलीभर मुंडकी आणून दिली. मी ती वीतभर खोल पुरली, वर लेट्यूसची रोपं लावली, फोटो काढले आणि आम्ही आत चहाला बसलो.

पहिला घोट घेतला आणि बाहेर हा कल्ला! एक सीगल, चार सीगल, मग मी मोजणंच सोडलं. रोपं हवेत, माती खिडकीवर! मी "शूक! शूक!" करत धावले, तर त्यांनी मलाच घेरलं. शेवटी ती बादली डोक्यावर पालथी घालून आत पळाले. वासाचं विचारू नका.

सासूबाईंना फोन लावला. "आई, मुंडकी किती खोल पुरता हो तुम्ही?"

"कमरेएवढो खड्डो गो! नि वर धोंडो. तू किती मारलंस?"

"आई, नेटवर्क जातंय," म्हटलं आणि ठेवला.

मॉरीन उखडलेल्या वाफ्याकडे बघत उभी होती. मला रडूच आलं. केन एवढंच म्हणाला, "सोमवारी बोट काढतो." सोमवार म्हणजे बोट बांधून ठेवायचा दिवस!

मग मी दुसऱ्या दिवसाची रजाही लगेच, त्याच आठवड्यात शुक्रवारी वापरली. नवी रोपं घेऊन गाडीतून उतरते न उतरते, तोच सगळे सीगल माझ्या मागे! मेल्यांनी चेहरा लक्षात ठेवला होता.

केन पहिल्यांदाच हसला. "रोपं मॉरीनकडे दे. तू लांब धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहा."

"आणि मी करू काय तिथे?"

"काहीच नाही. प्लीज, काहीच नाही."

मी तिकडे उभी, सीगल माझ्याभोवती. तेवढ्यात मॉरीनने शांतपणे रोपं लावली, केनने वाफ्यावर जुनं जाळं ताणून बांधलं. सोमवारी त्याची बोट धक्क्यालाच होती.

ऑफिसच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'मच्छीमारांसाठी तुम्ही नेमकं काय केलंत?' खोटं कशाला लिहू? लिहिलं, 'बागेपासून लांब राहिले.'