सूर्य आणि काकीची काहील

"कुठं उलथला त्यो गुळव्या? आरं, काहिलीला फेस चढला, आन् उतरवायला सांगनारा गेला कुठं?"

ही माझी धाकटी काकी. तिच्या आवाजाबद्दल मी वाढवून सांगतो असं घरचे म्हणतात, म्हणून बेतानंच सांगतो. कोयनेच्या काठाला ऊन खात पडलेल्या दोन मगरी पाण्यात शिरल्या आणि तिकडं पाटणच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं दचकून माप पुरं भरलं. याहून जास्त काही झालं नाही.

पण ओरडायला कारण होतं. लढाईचे दिवस. काका पलटणीबरोबर इटलीत कुठंतरी चिखल तुडवत होते आणि काकीनं मागं एकटीच्या हिमतीवर ऊस लावला होता. पाणी तिनं पाजलं, खुरपणी तिनं केली, ऊस असा काही आला की त्यात शिरलेलं आमचं कुत्रं तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात निघालं. माझ्या वडलांनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांनी, एवढंच जाहीर केलं होतं की पहिल्या काहिलीचा गूळ बघू. चांगला निघाला तर रान तिनं करावं. बिघडला तर रान आमच्यात येईल आणि तिनं चूल सांभाळावी. ती पहिली काहील, रसानं भरलेली थोरली कढई, आता चुलवाणावर रटरटत होती. वडील गुऱ्हाळाच्या तोंडाशी बाज टाकून बसले होते, निकाल ऐकायला.

थोरल्या दिराशी बाईनं थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकी रीत कधी मोडायची नाही. उसाचा चरक ओढणारे दोन बैल जवळ होते, त्यातल्या एकाला धरून बोलायची.

"बघ रं बाबा," ती डाव्या बैलाला म्हणाली, "काही मानसं गूळ कवा बिघडतोय म्हनून बाज टाकून बसल्यात."

वडलांनी मिशीवरून हात फिरवला आणि उजव्या बैलाला सांगितलं, "म्हनावं, आदी गुळव्या हुडका."

दोन्ही बैल शहाणे होते. गोल फिरत राहिले.

गुऱ्हाळावर गुळव्या म्हणजे राजा. रस कधी आटला, काहील कधी उतरवायची, हे त्याच्या बोटांना कळतं आणि तो बोलल्याशिवाय मालकानंही काहिलीला हात लावायचा नाही. दोन मिनिटं आधी उतरली तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर काळा पडतो. वेळ भरत आलीय बघून काकीनं चार गड्यांना काहिलीचे दांडे धरायला सांगून पाहिलं. चौघांनी चार दिशांना बघितलं. चुलवाणात चिपाडं घालणारा जाळव्या तर दोन महिने पलटणीत राहून पायाच्या दोषामुळं परत आलेला. तो म्हणाला, "जाळ थांबवायचा हुकूम न्हाई." आणि आणखी एक कवळा आत सारला.

या सगळ्याचा गुन्हेगार मी होतो.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो आणि सुटीला आलो होतो. सांगली म्हणजे विजेचे दिवे, हॉटेलातला चहा, पेठेत हळदीची पोती आणि चहाच्या टेबलावर हिटलरला रोज हरवणारे आम्ही विद्यार्थी. तिथं वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी 'विराट विश्व आणि क्षुद्र मानव' या विषयावर बोललो होतो. भाषण इतकं परिणामकारक झालं की एक परीक्षक गदगदून गेले, दुसरे झोपले, आणि मला बक्षिसाचा पेला मिळाला. मानव क्षुद्र आहे हे सिद्ध केल्याबद्दल मिळालेला तो पेला मी ट्रंकेतून गावापर्यंत मिरवत आणला होता.

त्याच दिवशी सकाळी रस तापत असताना ते भाषण मी गुळव्याला ऐकवलं. म्हातारा आटपाडीकडचा. जन्मभर मेंढरामागं उघड्या माळावर निजलेला, पाऊस फारच रुसला तेव्हा तरुणपणीच गुऱ्हाळाच्या हंगामाला इकडं यायला लागला आणि गुळव्या झाला. पन्नास वर्षं आभाळ पांघरून झोपलेल्या माणसाला मी आभाळ केवढं असतं ते समजावून सांगत होतो. तो बिचारा ऐकत होता. सूर्य म्हणजे धगधगता गोळा, असं मी म्हणालो. आपल्या पृथ्वीसारख्या लाखो पृथ्व्या त्यात मावतील, आणि तो सारखा उकळतोय.

"उकळतोय?" म्हातारा सावरून बसला. "मग त्यो उतरवनार कोन?"

"कुणी नाही. उकळत उकळत एक दिवस थंड होईल."

"आन् आपन?"

"आपण कोण, बाबा? आपण मोहरीवर बसलेली धूळ."

म्हातारा काहिलीपासून उठला. मग त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेला. मला वाटलं, परसाकडं गेला असेल.

आता काकीनं माझ्या दंडाला धरलं. "तूच काय तरी बोलला हुतास त्येच्याशी. जा, घिऊन ये. न्हाई आनलास तर हितंच ऱ्हा, सांगलीला जाऊ नगंस. मी चूल सांभाळते, तू माज्या जोडीला भाकरी थाप."

गुऱ्हाळामागच्या टेकाडावर एका खडकावर तो बसला होता. समोर सह्याद्री रांगेमागं रांग लावून उभा, खाली कोयना सुतळीएवढी, आणि आमचं गुऱ्हाळ म्हणजे काडेपेटी.

"बाबा, चला. गूळ बिघडंल."

"बिघडंना. एवड्या पसाऱ्यात एक काहील. धुरळाच की."

मी घाम पुसला. "असं कसं, माणूस लहान असला तरी त्याचं काम—"

"सकाळी तूच म्हनलास, मानसाचं काम म्हंजे पान्यावर रेघ."

हे वाक्य माझंच. त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या. मी त्याला कर्तव्य सांगितलं, त्यानं माझा तिसरा मुद्दा तोंडावर टाकला. काकीवर दया करा म्हणालो, त्यानं समारोप म्हणून दाखवला, हातवाऱ्यासकट. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं आणि सगळं भाषण पाठ झालं होतं. माझ्यासारख्या वक्त्याशी वाद घालणं किती अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मला एवडंच वाईट वाटतंय," तो म्हणाला, "एवडा मोठा रस उकळतोय, आन् त्येला कुनी वाली न्हाई. मग मानसानं तरी कशापाय—"

आणि थांबला. वारा खालून वर यायला लागला होता. म्हाताऱ्याच्या नाकपुड्या हलल्या.

"रसावरची मळी चांगली काढल्याली हाय," तो हळूच म्हणाला. पुन्हा हुंगलं. "जाळ लय झालाय. कोन हाय चुलवानावर?"

"तोच, पलटणीतला. म्हणतो हुकूम नाही."

"आरं त्येच्या," म्हातारा म्हणाला, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण तोवर तो अर्ध्या उतारावर होता. मी विशीतला, तो साठीच्या पुढचा. त्याचं घोंगडं मला वाटेत भेटलं.

मी पोचलो तेव्हा जाळ ओढून काढला होता. म्हाताऱ्यानं उलथन्यानं थोडा पाक उचलला, गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि परातीच्या काठावर मारली. टक् असा आवाज आला. गुऱ्हाळातली सगळी कामं थांबली होती. बैलसुद्धा उभे.

"उचला."

चौघांनी दांडे घातले, काहील पाक निववायच्या वाफ्यात पालथी झाली. म्हातारा फावड्यानं पाक घोटत राहिला. तासाभरानं वडलांनी एक खडा फोडून उन्हात धरला. पिवळा, रवाळ. त्यांनी तो तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, दोष सापडतोय का बघितला. मग उजव्या बैलापाशी गेले.

"म्हनावं, खोडवा राखा. पुढच्या साली बी रान तुमीच करा."

काकी बैलांजवळ गेली. तिनं पदर तोंडाला लावला आणि बैलापुढं वैरण टाकली, दोघांच्याही.

मी म्हाताऱ्याजवळ जाऊन बसलो. तो हाताला चिकटलेला गूळ चाटत होता. भाषणाची मला थोडी काळजी होती.

"मग बाबा," मी म्हणालो, "सूर्याचं काय ठरलं?"

त्यानं एकदा वर बघितलं.

"ती काहील माज्याकडं न्हाई."